निवृत्त टेनिसपटूची कारकीर्द कशी अभ्यासावी : अँडी रॉडिकचे उदाहरण

निवृत्त टेनिसपटूवर लेख लिहायचा असो, व्याख्यान द्यायचे असो किंवा निव्वळ स्वतःच्या समाधानासाठी त्याच्या कारकिर्दीचा मागोवा घ्यायचा असो, बहुतेक जण सुरुवात करतात ती ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) विजेतेपदांच्या आकड्यापासून, आणि पुष्कळदा तिथेच थांबतात. हा आकडा चटकन सापडतो, लक्षात राहतो आणि दोन खेळाडूंची तुलना करायला सोयीचाही असतो. पण ज्या खेळाडूंच्या नावावर चौदा किंवा वीस विजेतेपदे आहेत त्यांच्याबद्दल तो थोडेफार तरी सांगतो, आणि ज्यांच्या नावावर एकच आहे त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. अमेरिकेचा अँडी रॉडिक हा या दुसऱ्या गटातला. २००३ ची अमेरिकन ओपन स्पर्धा हे त्याचे एकमेव ग्रँड स्लॅम विजेतेपद. त्यावरून त्याला 'एका स्पर्धेचा मानकरी' म्हणून निकालात काढणारे आहेत, तसेच 'रॉजर फेडरर हा प्रतिस्पर्धी नसता तर' असे म्हणून त्याला मनातल्या मनात चार-पाच चषक बहाल करणारेही आहेत. दोन्ही मते नोंदी नीट न पाहता बनलेली आहेत, असे माझे मत आहे. त्या नोंदी कोणत्या क्रमाने आणि कोणती सावधगिरी बाळगून पाहाव्यात, हे येथे रॉडिकच्या कारकिर्दीच्या आधारे सांगितले आहे. हीच पद्धत इतर कोणत्याही निवृत्त खेळाडूसाठी वापरता येईल.

कालपट आधी, मत नंतर

पहिले काम म्हणजे एका कागदावर कारकिर्दीचा कोरा कालपट मांडणे. त्यात विशेषणे नकोत, फक्त वर्षे आणि घटना हव्यात. रॉडिकचा जन्म ३० ऑगस्ट १९८२ रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे झाला. बालपण टेक्सासमधील ऑस्टिन आणि नंतर फ्लोरिडातील बोका रॅटन येथे गेले. २००० साली त्याने ऑस्ट्रेलियन ओपन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धांतील मुलांच्या एकेरीचे विजेतेपद मिळवले, तो कुमार गटाच्या क्रमवारीत जगात पहिला आला आणि त्याच वर्षी व्यावसायिक झाला. व्यावसायिक दौऱ्यावरचे पहिले विजेतेपद २००१ मध्ये अटलांटा येथे, तेही मातीच्या कोर्टवर. ३ नोव्हेंबर २००३ रोजी जागतिक क्रमवारीत पहिले स्थान, तेथे तेरा आठवडे मुक्काम. २०१२ मध्ये अमेरिकन ओपनदरम्यान, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, निवृत्तीची घोषणा आणि त्याच स्पर्धेत ह्वान मार्टिन डेल पोत्रोविरुद्ध शेवटचा एकेरीचा सामना. एकूण ३२ एकेरी विजेतेपदे. ६१२ विजय, २१३ पराभव.

एवढा कालपट मांडला की एक गोष्ट लगेच दिसते. २००१ ते २०१२ या बारा वर्षांत असे एकही वर्ष नाही की ज्यात त्याने किमान एक विजेतेपद मिळवले नाही. हे वाक्य कुठल्याही कौतुकपर लेखात सापडेल. पण ते आयते उचलण्याऐवजी स्वतःच्या तक्त्यातून वर आलेले पाहण्यात फरक असतो, कारण मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : यांपैकी मोठ्या स्पर्धांची विजेतेपदे किती आणि ती कोणत्या वर्षांत एकवटली आहेत? मास्टर्स दर्जाची (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या स्पर्धांची) विजेतेपदे पाच आहेत. २००३ मध्ये माँट्रियल आणि सिनसिनाटी, २००४ मध्ये मायामी, २००६ मध्ये पुन्हा सिनसिनाटी आणि २०१० मध्ये पुन्हा मायामी. म्हणजे एका उन्हाळ्यात चमकून विझलेला हा खेळाडू नव्हे, तर एका उन्हाळ्यात शिखर गाठून नंतर बरीच वर्षे शिखराच्या थोडे खाली टिकून राहिलेला खेळाडू आहे. त्या उन्हाळ्याची मात्र स्वतंत्र नोंद करावी, कारण कॅनडा, सिनसिनाटी आणि अमेरिकन ओपन या तीनही स्पर्धा एकाच मोसमात जिंकणे फार थोड्यांना साधले आहे; रॉडिकच्या आधी १९९८ मध्ये पॅट्रिक राफ्टरला आणि नंतर २०१३ मध्ये राफाएल नदालला.

क्रमवारी वाचताना

टेनिसची क्रमवारी ही मागच्या ५२ आठवड्यांतल्या गुणांची चालती बेरीज असते. मागच्या वर्षी एखादी स्पर्धा जिंकून मिळवलेले गुण यंदा त्याच सुमारास वजा होतात, त्यामुळे तितकीच कामगिरी पुन्हा केली तरच खेळाडू आहे तिथे राहतो. म्हणून कारकिर्दीतील सर्वोच्च क्रमांकापेक्षा वर्षअखेरचे क्रमांक ओळीने लिहून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. रॉडिकचे वर्षअखेरचे क्रमांक असे आहेत : २००२ मध्ये दहावा, २००३ मध्ये पहिला, २००४ मध्ये दुसरा, २००५ मध्ये तिसरा, २००६ आणि २००७ मध्ये सहावा, २००८ मध्ये आठवा, २००९ मध्ये सातवा आणि २०१० मध्ये पुन्हा आठवा. सलग नऊ वर्षे पहिल्या दहांत राहणे ही गोष्ट एका ग्रँड स्लॅम विजयाइतकी ठळक दिसत नाही. पण माझ्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित कामगिरी हीच आहे.

वर्षअखेरचा क्रमांकही अधूनमधून फसवतो. २००६ च्या विम्बल्डनमध्ये तिसऱ्या फेरीत अँडी मरेकडून हरल्यावर रॉडिक पहिल्या दहांतून बाहेर गेला होता. सिनसिनाटीचे विजेतेपद आणि अमेरिकन ओपनची अंतिम फेरी यांच्या बळावर तो डिसेंबरपर्यंत सहावा झाला. फक्त 'सहावा' एवढेच लिहिले तर ते पडणे आणि सावरणे दोन्ही नाहीसे होते. उलट उदाहरण २००५ चे. त्या वर्षी आपल्या वाढदिवशीच तो अमेरिकन ओपनच्या पहिल्या फेरीत लक्झेंबर्गच्या जिल म्युलरकडून तीन टायब्रेकमध्ये (सेट ६-६ झाल्यावर निकाल लावणारा गुणांचा डाव) हरला, आणि तरीही वर्षअखेरीस तिसरा राहिला. गुणांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी : २००९ पासून गुणांची कोष्टके बदलली आणि ग्रँड स्लॅम विजेत्याला पूर्वीच्या १,००० ऐवजी २,००० गुण मिळू लागले. त्यामुळे २००४ चे गुण आणि २०१० चे गुण शेजारीशेजारी ठेवून काढलेला कोणताही निष्कर्ष चुकीचाच असणार. क्रमांकांची तुलना करावी, गुणांची करू नये.

कोर्टानुसार विभागणी

विजेतेपदांची यादी वर्षानुसार झाली की तीच यादी कोर्टाच्या प्रकारानुसार पुन्हा मांडावी. रॉडिकची गवतावरची पाच विजेतेपदे आहेत, त्यांपैकी चार लंडनच्या क्वीन्स क्लबमधली (२००३, २००४, २००५ आणि २००७) आणि एक २०१२ मधले ईस्टबोर्नचे. मातीवरचीही पाचच आहेत आणि त्यांपैकी चार अमेरिकेत मिळालेली; युरोपातले एकच, २००३ मधले ऑस्ट्रियातील सेंट पोल्टनचे. उरलेली बहुतेक सगळी हार्ड कोर्टवरची. ही विभागणी पाहिल्यावर फ्रेंच ओपनमधली त्याची कामगिरी कोड्यासारखी वाटत नाही. तिथे तो चौथ्या फेरीपर्यंत एकदाच, २००९ मध्ये, पोहोचला; त्यापलीकडे कधीच गेला नाही. अनेकदा पहिल्याच फेरीत गारद झाला. याउलट ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये २००३, २००५, २००७ आणि २००९ अशी चार वेळा उपांत्य फेरी गाठली.

कारणही याच टप्प्यावर शोधावे. त्याचा सारा खेळ सर्व्हिसभोवती उभा होता : दोन्ही पाय जवळ घेऊन, हात फारसा मागे न नेता, झटक्यात मारलेली ती सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याला चेंडूचा अंदाज घ्यायला वेळच देत नसे. स्वतःच्या सर्व्हिसचे सुमारे ९० टक्के गेम तो जिंकत असे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवरचे मात्र पाचांतला जेमतेम एक. मातीवर चेंडूचा वेग मंदावतो, उसळी वाढते, सर्व्हिसची धार बोथट होते आणि लांबलचक रॅलीत बॅकहँड व हालचाल यांतल्या उणिवा उघड्या पडतात. ही दोन प्रमाणे माहीत असली की त्याच्या इतक्या सामन्यांचे निकाल टायब्रेकवर का गेले हेही कळते. आपली सर्व्हिस राखायची आणि समोरच्याची फारशी भेदायची नाही, अशा खेळात सेट ६-६ पर्यंत पोहोचणारच.

सर्व्हिसच्या वेगाचा विक्रम मात्र चरित्रलेखनात गरजेपेक्षा जास्त जागा खातो. सप्टेंबर २००४ मध्ये चार्ल्सटन येथे बेलारूसविरुद्धच्या डेव्हिस कप (देशांच्या संघांची स्पर्धा) लढतीत त्याने ताशी १५५ मैल, म्हणजे सुमारे २४९ किलोमीटर वेगाची सर्व्हिस केली आणि तो विक्रम २०११ मध्ये इव्हो कार्लोविचने मोडेपर्यंत टिकला. एका वाक्यात हे सांगून पुढे जावे. वेगापेक्षा अचूकता, जागा आणि दुसऱ्या सर्व्हिसची उसळी यांनी त्याला सामने जिंकून दिले.

पराभव कोणाकडून झाले

विजयांची यादी सगळेच करतात. पराभवांची करावी, ती अधिक बोलकी असते. ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत रॉडिक पाच वेळा पोहोचला. पहिल्या वेळी, २००३ मध्ये, त्याने ह्वान कार्लोस फेरेरोला ६-३, ७-६, ६-३ असे हरवले. पुढच्या चारही अंतिम फेऱ्यांत (विम्बल्डन २००४, २००५ आणि २००९, अमेरिकन ओपन २००६) समोर रॉजर फेडरर होता आणि चारही वेळा फेडरर जिंकला. ग्रँड स्लॅम स्पर्धांमधल्या या दोघांच्या आठही लढती फेडररच्याच खात्यात गेल्या. एकंदर हिशेब २१ विरुद्ध ३ असा. रॉडिकचे तीन विजय म्हणजे माँट्रियल २००३, मायामी २००८ आणि मायामी २०१२.

इथे वाचक दोन विरुद्ध निष्कर्षांपैकी एकाकडे झुकतो, आणि लेखकाने दोन्हींना आवर घालावा. पहिला निष्कर्ष असा की रॉडिक मोठ्या खेळाडूंपुढे टिकतच नसे. त्यासाठी इतर नावांसमोरचे हिशेब तपासावेत : नोव्हाक जोकोविचविरुद्ध पाच विजय आणि चार पराभव, लेटन ह्यूइटविरुद्ध सात-सात अशी बरोबरी, नदालविरुद्ध तीन विजय आणि सात पराभव, पीट सॅम्प्रसविरुद्ध तीनपैकी दोन विजय. जोकोविचविरुद्धचे बहुतेक विजय जोकोविच पूर्ण बहरात येण्याआधीचे आहेत, हेही प्रामाणिकपणे लिहावे. पण 'टिकत नसे' हे विधान या आकड्यांपुढे उभे राहत नाही.

दुसरा निष्कर्ष 'फेडरर नसता तर' हा. त्यात तथ्य आहे, पण तो आळशी युक्तिवाद आहे. फेडररला काढून टाकले तर अंतिम फेरीत कोणी दुसरा आला असता, आणि रॉडिकला हरवणारे दुसरे होतेच. २००४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मरात साफिनने त्याला पाच सेटमध्ये हरवले. त्याच वर्षी आपल्या अमेरिकन ओपन विजेतेपदाचा बचाव करताना तो स्वीडनच्या योआखिम योहान्सनकडून उपांत्यपूर्व फेरीत पराभूत झाला. २००७ च्या विम्बल्डनमध्ये पहिले दोन सेट जिंकूनही तो रिशार गास्केकडून पाचव्या सेटमध्ये ८-६ असा हरला, २००८ मध्ये दुसऱ्याच फेरीत यांको टिप्सारेविचकडून आणि २०१० मध्ये चौथ्या फेरीत तैवानच्या लू येन-सुनकडून, पाचव्या सेटमध्ये ९-७. या पराभवांत फेडरर कुठेच नाही. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या तर चित्र असे उभे राहते की फेडररने त्याच्याकडून दोन, फार तर तीन मोठी विजेतेपदे हिरावली असतील. उरलेल्या संधी त्याच्या खेळाच्या मर्यादांमुळेच गेल्या.

दोन-तीन सामने पूर्ण पाहावेत

आकडे एवढ्यावर थांबवून प्रत्यक्ष सामन्यांकडे वळावे. सगळे पाहणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. एक शिखरावरचा विजय, एक जिव्हारी लागलेला पराभव आणि एक स्वभाव दाखवणारा प्रसंग अशी निवड पुरेशी ठरते. ठळक क्षणांच्या चित्रफितींवर मात्र विसंबू नये, कारण त्यांत सगळे फटके विजयी असतात आणि सामना का फिरला हे कळत नाही.

विजयासाठी २००३ च्या अंतिम फेरीपेक्षा त्याआधीचा उपांत्य सामना निवडावा. दाविद नालबांदियानने पहिले दोन सेट घेतले होते आणि तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये त्याच्याकडे मॅच पॉइंट होता. रॉडिकने तो सर्व्हिसच्या जोरावर वाचवला, टायब्रेक ९-७ असा घेतला आणि पुढचे दोन सेट ६-१, ६-३ असे सहज जिंकले. दुसऱ्या दिवशीचा फेरेरोविरुद्धचा विजय या एका गुणावर उभा आहे. एकमेव ग्रँड स्लॅम विजेतेपद किती थोडक्यात हुकले असते हे ज्याला माहीत आहे, तो मग 'फक्त एकच' असे सहजासहजी लिहीत नाही, आणि 'आणखी चार मिळायला हवी होती' असेही म्हणत नाही.

पराभवासाठी अर्थातच ५ जुलै २००९ चा विम्बल्डनचा अंतिम सामना. तो पूर्ण पाहावा आणि पाहताना गेम लिहून ठेवावेत. निकाल फेडररच्या बाजूने ५-७, ७-६, ७-६, ३-६, १६-१४ असा आहे. आता बेरीज करा : फेडररचे गेम ३८, रॉडिकचे ३९. हरलेल्या खेळाडूने एक गेम जास्त जिंकला. रॉडिकने फेडररची सर्व्हिस दोनदा भेदली. फेडररने रॉडिकची एकदाच, आणि तीही सामन्याच्या अगदी शेवटच्या, सत्त्याहत्तराव्या गेममध्ये. त्याआधी रॉडिकने स्वतःच्या सर्व्हिसचे ३७ गेम ओळीने राखले होते. मग सामना गेला कुठे? दोन टायब्रेकमध्ये. पहिला सेट जिंकलेला रॉडिक दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये ६-२ असा पुढे होता. चार सेट पॉइंट हातात होते. त्यांतला चौथा, ६-५ असताना, त्याच्या स्वतःच्या सर्व्हिसवर आला. तो जाळीजवळ गेला, समोर उंच आलेल्या चेंडूवर त्याने बॅकहँड व्हॉली मारली आणि चेंडू कोर्टबाहेर पडला. फेडररने ओळीने सहा गुण घेत टायब्रेक ८-६ असा खिशात घातला. तो चेंडू आत पडला असता तर रॉडिक दोन सेटने पुढे असता.

हा एक फटका पुन्हा पुन्हा दाखवला जातो, म्हणून पाचव्या सेटकडे कमी लक्ष जाते. त्या सेटमध्ये पहिली सर्व्हिस फेडररची होती. याचा अर्थ ४-५ पासून पुढे रॉडिकची प्रत्येक सर्व्हिस सामना वाचवण्यासाठी होती, आणि अशा दहा गेममध्ये तो तगला, अकराव्यात मोडला. मधे ८-८ वर त्याला फेडररची सर्व्हिस भेदण्याच्या दोन संधी मिळाल्या होत्या, त्याही निसटल्या. फेडररच्या त्या दिवशीच्या बिनतोड (प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटला न लागलेल्या) सर्व्हिसची संख्या ५० होती, रॉडिकची २७. ज्याची ओळखच सर्व्हिस होती त्याच्यावर त्या दिवशी सर्व्हिसमध्येच मात झाली, ही गोष्ट चुकलेल्या व्हॉलीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे असे मला वाटते. फेडररचे ते पंधरावे ग्रँड स्लॅम विजेतेपद. त्याने सॅम्प्रसचा चौदाचा विक्रम मागे टाकला आणि सॅम्प्रस तेव्हा प्रेक्षकांत हजर होता. त्यामुळे त्या दिवशीच्या बातम्यांत रॉडिक दुय्यम राहिला. जुन्या बातम्यांवरून कारकीर्द अभ्यासणाऱ्याने बातमीचा हा कल ध्यानात ठेवावा.

स्वभावासाठी २००५ च्या रोम स्पर्धेतील फर्नांडो व्हर्दास्कोविरुद्धचा सामना पाहावा. रॉडिक मॅच पॉइंटवर होता, व्हर्दास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर गेल्याची खूण लाइन पंचाने केली, म्हणजे सामना संपला होता. रॉडिकने मातीवर उमटलेला चेंडूचा ठसा पाहिला, चेंडू आत होता असे पंचांना सांगितले आणि गुण व्हर्दास्कोला दिला गेला. पुढे रॉडिक तो सामना हरला. पंचांशी हुज्जत घालण्याबद्दलही तो प्रसिद्ध होता, त्यामुळे हा प्रसंग सांगून त्याला संत ठरवू नये. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आहेत.

काळ आणि नियम

एका काळातले आकडे दुसऱ्या काळाच्या नियमांनी वाचले की घोटाळा होतो. १६-१४ हा आकडा आजच्या विम्बल्डनमध्ये लागूच शकत नाही, कारण आता निर्णायक सेट ६-६ झाला की दहा गुणांचा टायब्रेक होतो. रॉडिकच्या काळात तिथे आणि ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पाचव्या सेटला टायब्रेक नव्हता. म्हणूनच २००३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मोरोक्कोच्या यूनेस अल अयनावीविरुद्धचा त्याचा उपांत्यपूर्व सामना पाचव्या सेटमध्ये २१-१९ पर्यंत लांबला. रॉडिकने तो जिंकला, पण उपांत्य फेरीत राइनर श्युटलरकडून हरला. असे दमवणारे सामने पुढच्या फेरीवर काय परिणाम करतात, हे निव्वळ निकालाच्या तक्त्यातून दिसत नाही.

बक्षिसाच्या रकमेचेही तसेच. रॉडिकची कारकिर्दीतली बक्षिसांची कमाई सुमारे २ कोटी ६ लाख डॉलर आहे. २००३ मध्ये अमेरिकन ओपनच्या विजेत्याला १० लाख डॉलर मिळाले होते, २०२४ मध्ये ३६ लाख. रकमेवरून दोन पिढ्यांची तुलना करू नये.

अपेक्षांचा काळही लक्षात घ्यावा. ज्या २००३ च्या अमेरिकन ओपनमध्ये रॉडिक जिंकला, त्याच स्पर्धेत सॅम्प्रसचा निरोप समारंभ झाला आणि मायकेल चँगही त्याच स्पर्धेत निवृत्त झाला. सॅम्प्रसची चौदा, आंद्रे अगासीची आठ, जिम कुरियरची चार आणि चँगचे एक अशी ग्रँड स्लॅम विजेतेपदे अमेरिकेने एकाच पिढीकडून पाहिली होती, आणि त्या पिढीची गादी एकवीस वर्षांच्या मुलाकडे आली. त्याच्यावरच्या लेखनातला निराशेचा सूर पुष्कळसा या वारशातून आला आहे.

प्रशिक्षकांची नोंद करावी, पण श्रेय-अपश्रेय वाटताना जपून. तारिक बेनहबिलेसनंतर जून २००३ मध्ये ब्रॅड गिल्बर्ट आला आणि लगेच क्वीन्सचे विजेतेपद मिळाले, म्हणून सगळे श्रेय गिल्बर्टचे असे लिहिले जाते. पाया आधीच घातलेला होता हे विसरले जाते. नंतर डीन गोल्डफाइन, २००६ ते २००८ मध्ये जिमी कॉनर्स आणि २००८ च्या अखेरीपासून लॅरी स्टेफांकी. २००९ च्या विम्बल्डनमधला हलका, चपळ आणि बॅकहँडवर अधिक भरवसा ठेवणारा रॉडिक हा वजन कमी करून स्टेफांकीबरोबर केलेल्या मेहनतीचा परिणाम होता, एवढे मात्र सामने पाहूनही जाणवते.

डेव्हिस कप वगळू नये

एकेरीच्या नोंदींत डेव्हिस कप हरवून जातो, आणि रॉडिकच्या बाबतीत तर तो वगळणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे. डेव्हिस कपमधली त्याची एकेरीची कामगिरी ३३ विजय आणि १२ पराभव अशी आहे. २००४ च्या अंतिम लढतीत सेव्हिल येथे स्पेनविरुद्ध तो मातीवर अठरा वर्षांच्या नदालकडून आणि कार्लोस मोयाकडून हरला. तीन वर्षांनी, २००७ मध्ये, ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे अमेरिकेने रशियाला ४-१ असे हरवून १९९५ नंतर प्रथमच चषक मिळवला. पॅट्रिक मॅकेन्रो कर्णधार, रॉडिक व जेम्स ब्लेक एकेरीत, बॉब आणि माइक ब्रायन हे जुळे भाऊ दुहेरीत. रॉडिकने पहिल्या लढतीत दिमित्री तुर्सुनोव्हला हरवून सुरुवात करून दिली आणि दुहेरी संपताच ३-० अशी निर्णायक आघाडी झाली होती. वर्षानुवर्षे, मोसमाच्या गैरसोयीच्या आठवड्यांत, देशासाठी खेळायला तयार असणे हे सर्वच अव्वल खेळाडूंबद्दल म्हणता येत नाही.

शेवट कुठे धरावा

निवृत्तीची तारीख लिहिताना ती कशाची आहे हे स्पष्ट करावे. रॉडिकची घोषणा ३० ऑगस्ट २०१२ ची, शेवटचा एकेरी सामना ५ सप्टेंबर २०१२ चा : डेल पोत्रोविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये जिंकून पुढचे तीन ६-७, २-६, ४-६ असे गमावले. पण २०१५ मध्ये अटलांटा येथील स्पर्धेत तो मार्डी फिशसोबत दुहेरी खेळला, त्यामुळे 'शेवटचा व्यावसायिक सामना २०१२ मध्ये' असे लिहिणे चूक ठरते. 'शेवटचा एकेरी सामना' असे लिहावे. त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानची स्थापना २००० ची आहे, म्हणजे निवृत्तीनंतरच्या कामांच्या यादीत ती टाकणेही बरोबर नाही. २०१७ मध्ये न्यूपोर्ट येथील आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये किम क्लायस्टर्सबरोबर त्याचा समावेश झाला.

एकंदर मत लिहायचे झाल्यास ते या सगळ्या नोंदी झाल्यानंतर, दोन-चार वाक्यांत, आणि तुलनेची मोजपट्टी उघड सांगून लिहावे. रॉडिकबद्दल मी अशी मोजपट्टी घेईन : २००३ नंतरच्या वीस वर्षांत अमेरिकेच्या एकाही पुरुषाने एकेरीचे ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवले नाही, आणि २००९ च्या त्या विम्बल्डननंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीच्या अंतिम फेरीत पुन्हा एखादा अमेरिकन पुरुष दिसायला २०२४ साल उजाडावे लागले. तेव्हा टेलर फ्रिट्झ अमेरिकन ओपनची अंतिम फेरी यानिक सिनरकडून सरळ सेटमध्ये हरला. आधीच्या पिढीशी तुलना केली तर रॉडिक अपुरा वाटतो. नंतरच्या पिढीशी केली तर तो एकटाच उंच दिसतो. लेखात यांपैकी कोणती तुलना घेतली आहे हे वाचकाला पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावे, म्हणजे पुढचे आकडे तो त्याच प्रकाशात तपासू शकेल आणि पटले नाही तर दुसरी मोजपट्टी लावून पाहील.